दीड हात सुंभ

मुलाखत घ्यायला कुणी आलं की हमखास विचारतं, मॅडम, तुमचं पहिलं कोर्ट कुठलं, क्ले की हार्ड? मी म्हणते, शेणाचं. समोरचा हसतो, हे लिहायचं की नाही ते त्याला कळत नाही, आणि तो पुढच्या प्रश्नाकडे पळतो. अहो, खरंच शेणाचं होतं! अंधेरीला, आज जिथे जमिनीखाली तीन मजले नुसत्या गाड्या उभ्या असतात, तिथे आमच्या क्लबाचं एकुलतं एक कोर्ट होतं. खाली मुरूम, वर लाल माती आणि त्यावर शेणाचा पातळ हात. वाळलं की हिरवट दिसायचं, धूळ उडायची नाही, आणि बॉल पडला की टप्पा स्वच्छ उमटायचा. कागदोपत्री ते क्लबाचं असेल, पण खरं म्हणाल तर ते माझ्या आईचं होतं. बाबा क्लबाचे वॉचमन, माळी, पंपवाले, सगळं एकटेच. आई सारवणवाली. कोर्टामागे पंपाच्या खोलीला लागून दोन खोल्या होत्या, तिथे आम्ही तिघं राहायचो.

आमच्या घराला घड्याळाची गरज नव्हती. पहाटे पंप धडधडला की उठायचं, आणि संध्याकाळी टॉक-टॉक सुरू झालं की आई चुलीवर भात चढवायची. हो, भात बॉलच्या आवाजावर शिजायचा. पहिला सेट संपेपर्यंत आधण, दुसरा संपला की भात उतरवायचा. काकालोक डाव लांबवत बसले की आमचा भात करपायचा, आणि आई त्यांना मालवणीत अशा शिव्या घालायची की बाबा दार लोटून घ्यायचे. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि तिच्यात भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. वर्सोव्याहून कोळीण यायची ती थेट आमच्या दारात टोपली उतरवायची, आणि मग आई आणि ती तासभर भांडायच्या, जिवलग मैत्रिणी असल्यासारख्या. आई रविवारी घावणे करायची. क्लबाचे सेक्रेटरी कर्णिक साहेब, एरवी आमच्याशी दोन शब्द न बोलणारा माणूस, पण रविवारी बरोब्बर नऊ वाजता "पंप नीट चालतोय ना?" असं विचारत यायचे. पंप कधी बिघडला नाही, पण घावणे मात्र संपायचे.

सारवण पंधरा दिवसांनी एकदा व्हायचं. बाबा जोगेश्वरीच्या तबेल्यातून हातगाडीवर शेणाचे पिंप आणायचे. ते पाण्यात कालवायचं, गोणपाटातून गाळायचं, मग ओलं गोणपाट ओढत सगळ्या कोर्टावरून फिरवायचं. ते बाबांचं काम. पण जिथे पायांनी माती उकरलेली असायची तिथे, म्हणजे बेसलाइनला, आई गुडघ्यावर बसून हाताने सारवायची. गावच्या खळ्यात सारवायची तशीच, अर्धगोल अर्धगोल. कर्णिकांनी एकदा लांब दांड्याचा ब्रश आणून दिला होता. आईने त्याने कोळिष्टकं काढली.

सारवलं की पट्ट्या पुसल्या जायच्या. मग आईचं खरं काम सुरू. पंपाच्या खोलीत खिळ्याला एक सुंभाची दोरी टांगलेली असायची. एका टोकाला फास, मध्ये एक गाठ. जाळ्याच्या खांबाच्या बुंध्यात फास अडकवायचा आणि दोरी ताणत सरळ मागे चालत जायचं. गाठ आली तिथे सर्व्हिस लाइन, दोरी संपली तिथे बेसलाइन. दोन्हीकडे खिळे ठोकायचे, सुतळी ताणायची, आणि आई चुन्याच्या पाण्यात बुडवलेला बोळा घेऊन उकिडवी मागे मागे सरकत जायची. तिची रेघ एका दमात यायची. क्लबात पाहुणे आले की कर्णिक कोर्ट दाखवताना म्हणायचे, "आमच्या पट्ट्या बघा, मशीननं मारल्यासारख्या." आई तेव्हा मुद्दाम कुठेतरी जवळपास झाडत असायची. शाळेत गेली नाही, सही अंगठ्याने करायची, पण ती रेघ म्हणजे तिची सही होती. आता बोरिवलीला माझ्या ॲकॅडमीत निळं सिंथेटिक कोर्ट आहे, पट्ट्या रंगवलेल्या, दहा वर्षं हलायच्या नाहीत. पोरांना वाटतं त्या पट्ट्या देवानेच तिथे ठेवल्यात.

मी खेळायला लागले ते एका काकाने टाकून दिलेल्या लाकडी रॅकेटने, पंपाच्या भिंतीवर. पुढे मेहताकाकांच्या डबल्सला चौथा भिडू मिळेना. मेहताकाका म्हणजे पोटाने मोठे, मनाने त्याहून मोठे, आणि हरले की चार दिवस तोंड पाडून बसणारे. त्यांनी हाक मारली, "ए सुलू, येते काय? फक्त उभी राहा." मी उभी राहिले नाही, धावले. वर्षभरात काकालोकांत भांडणं व्हायला लागली, सुलू कोणाच्या बाजूला.

आता पाप सांगते. मी बारा वर्षांची होते. गणपती दुसऱ्या दिवशी येणार होते आणि बाबा माटवी बांधत होते. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला नारळ, सुपाऱ्या, रानातली फळं बांधतात, ती माटवी. बाहेर पाऊस कोसळत होता, दुकानं बंद, आणि सुंभ कमी पडला. बाबा म्हणाले, "सुलू, दोरी बघ गो खंय गावता ती." मी पंपाच्या खोलीत गेले. खिळ्याला ती लांबलचक दोरी. म्हटलं, एवढ्या दोरीतली एवढीशी घेतली तर कुणाला कळणार आहे? कोयत्याने टोकाकडचा दीड हात कापला, उरलेलं टोक सुटू नये म्हणून छान गाठ मारली, आणि तुकडा बाबांना नेऊन दिला. बाबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गणपती झकास झाले. मी विसरूनही गेले.

पावसाळ्यात आमचं कोर्ट म्हणजे चिखलाचं डबकं. दसऱ्यानंतर ते पहिल्यापासून नव्याने करायचं, म्हणजे जुनी रेघ कुठे होती याचा मागमूस नाही. आईने कोर्ट केलं, दोरी ताणली, रेघ मारली. दोन्ही बाजूंना दीड-दीड हात कमी. कुणाच्याही लक्षात आलं नाही! का येईल? दोन्ही बाजू सारख्याच, पट्ट्या सरळ, चुना पांढराशुभ्र. एवढंच झालं की त्या वर्षी क्लबातल्या समस्त काकांचे बॉल बाहेर जायला लागले, आणि प्रत्येकाने गुपचूप आपापल्या वयाला दोष दिला. मेहताकाकांनी गुडघ्याला लावायचं तेल बदललं. एकांनी तर खेळच सोडला आणि पत्त्यांतला ब्रिज धरला. मी लहान, मी त्या कोर्टाला सरावले. माझा एक बॉल बाहेर जायचा नाही. समोरचा बॉल रॅकेटवरून सुटला की मला कळायचं, हा आत, हा बाहेर. बाहेरच्याला मी हातच लावायचे नाही, फक्त बोट वर करायचे.

त्या वर्षी पिंटो सर आमच्या क्लबात एकदा डोकावले. जुने मोठे खेळाडू, जुहूला कोच म्हणून होते, उपनगरांतली चार मुलं निवडून त्यांना शिकवणार होते. रॅकेट त्यांची, बॉल त्यांचे, रोजचं कोर्ट त्यांचं. मला पाच मिनिटं खेळताना बघितलं आणि म्हणाले, "टाउनमध्ये टूर्नामेंट आहे, तिथे ये. तिथे बघतो." बस्स, एवढंच. त्या दिवसापासून आमच्या दोन खोल्यांत दुसरा विषय नव्हता. बाबांच्या हातात काही नव्हतं, पुढच्या वर्षी माझी शाळा संपवून मला कुठेतरी चिकटवायचं बोलणं आधीच चालू होतं. मामींच्या ओळखीने पापडाच्या कारखान्यात. ती चार मुलांतली एक जागा नाही मिळाली तर मी पापड लाटणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईने देवाला काय कबूल केलं ते तिने मला कधी सांगितलं नाही, पण त्या महिन्यात तिने मासे सोडले होते. मालवणी बाईने!

टूर्नामेंटला आई माझ्याबरोबर थेट दक्षिण मुंबईत आली. नऊवारी, पायात बाबांच्या चपला, हातात डबा. टाउनचं कोर्ट लाल मातीचं, पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या. समोर पांढरा झगझगीत स्कर्ट घातलेली पोरगी. मुलांच्या मॅचला अंपायर नसतो, आपल्या बाजूचा बॉल आपणच सांगायचा. तिने पहिला बॉल खोल मारला. माझ्या डोक्याने सांगितलं, बाहेर. मी रॅकेट खाली सोडली, बोट वर केलं, "आउट!" बॉल रेषेच्या आत दीड वीत पडला. ती म्हणाली, "आउट कुठे? मार्क बघ ना." मी मार्क बघितला. वाट लागली. मी सॉरी म्हटलं. दोन बॉलनंतर पुन्हा तेच. पुन्हा तेच. पायांना, डोळ्यांना लागलेली सवय एका सकाळीत सुटते काय? सहाव्यांदा मी बोट वर केलं तेव्हा बाहेर बसलेली एक आई मोठ्याने म्हणाली, "ही मुलगी चीटिंग करते." आणि माझे स्वतःचे बॉल सगळे आखूड पडत होते, ती पोरगी पुढे येऊन आरामात ठोकत होती. सहा-एक, सहा-शून्य. मी रडले नाही, मला नुसतं काही कळेनासं झालं होतं. माझंच कोर्ट कुणीतरी ताणून मोठं केल्यासारखं वाटत होतं.

पिंटो सर उठून आले. माझ्याशी नाही, आईशी बोलले. "बाई, मुलगी धावते छान. पण मला दोनच गोष्टी दिसतात. एकतर हिला कोर्ट दिसत नाही, नाहीतर ही खोटं बोलते. दिसत नसेल तर चष्मेवाल्याकडे न्या. खोटं बोलत असेल तर सॉरी, मला नको." आणि ते निघून गेले. आईने डबा माझ्या हातात दिला. मला म्हणाली, "थांब हय," आणि मधल्या सुट्टीत कोर्टात उतरली. चपला काढल्या, जाळ्याच्या खांबापाशी उभी राहिली आणि टाचेला अंगठा, टाचेला अंगठा लावत बेसलाइनपर्यंत चालत गेली. लोक हसत होते. मी मान खाली घातली. आज ते आठवलं की त्या लोकांचं नाही, माझ्याच मान खाली घालण्याचं वाईट वाटतं.

बसमध्ये आई बोटांवर काहीतरी मोजत होती. पार्ला आलं तेव्हा म्हणाली, "ता कोर्ट लांब आसा गो."

"सगळी कोर्टं सारखीच असतात आई."

"माका सांगू नको. पावलां जास्त आसत."

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला खरंच चष्मेवाल्याकडे नेलं. मी त्याच्या पाटीवरची सगळ्यात खालची ओळ वाचली, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. तो म्हणाला, हिच्या डोळ्यांना काय धाड भरलीय! परत आलो तर आई आमच्या कोर्टात टाचेला अंगठा लावत होती. टाउनला बावन्न पावलं, इथे एकोणपन्नास. ती पंपाच्या खोलीत गेली, दोरी काढली, टोक हातात घेतलं. तिथे माझी गाठ होती. मी दारात उभी. सगळं क्षणात कळलं, माटवी, कोयता, दीड हात. तोंड उघडायचं होतं, उघडलं नाही. काल चीटिंग म्हणून घेतलं होतं, आता घरातही चोर ठरायचं? आईने ती गाठ बोटांनी फिरवून बघितली, दोरीचं वेटोळं केलं आणि म्हणाली, "उद्या जुहूक जाऊया."

जुहूला पिंटो सर पोरांना सर्व्हिस शिकवत होते. आई सरळ कोर्टात गेली, दोरी खांद्यावर. चार लोकांसमोर हिच्या तोंडून एरवी शब्द फुटत नसे.

"सायब, माझ्या चेडवाची नजर बरी आसा. ता खोटा पण बोलत नाय. दोरी माझी चुकली."

सरांना काही कळेना. मग आईने दोरी पसरली, फास खांबात अडकवला आणि चालत गेली. दोरी बेसलाइनच्या अलीकडे संपली. सर त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मग हसायला लागले, इतके की पोरं थांबली. "म्हणजे वर्षभर ही पोरगी आखूड कोर्टावर खेळली? आणि तिथून एकही बॉल बाहेर नाही?" त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, आईच्या पाया पडतात की काय असं मला वाटलं, पण त्यांनी फक्त मोजायची टेप मागवली आणि आमच्याबरोबर अंधेरीला आले.

टेप लावली तेव्हा अख्खा क्लब जमला. माप निघालं आणि मेहताकाका ओरडले, "म्हणजे माझे बॉल आत होते! आख्खा वरस आत होते!" त्यांनी गेल्या हिवाळ्यातली क्लबाची फायनल पुन्हा खेळायची मागणी तिथल्या तिथे केली. ज्या काकांनी ब्रिज धरला होता ते रॅकेट शोधायला घरी पळाले. सगळे हसत होते, फक्त कर्णिक साहेब सोडून. सभासदांसमोर त्यांची लाज गेली होती. ते आईला म्हणाले, "अडाणी बाईच्या हातात माप दिलं, चूक आमचीच. उद्यापासून तुम्ही फक्त सारवा. पट्ट्या मारायला माणूस येईल." आई हं म्हणाली. बाबा पुढे झाले, तिने त्यांना डोळ्याने थांबवलं. आणि मी? मी तिथेच उभी होते, तिच्यापासून दोन हातांवर. एक वाक्य बोलायचं होतं, दोरी मी कापली. पिंटो सरांचा हात माझ्या खांद्यावर होता, ते कुणालातरी सांगत होते की ही माझी चौथी. मी नाही बोलले. आयुष्यात पुढे मी बऱ्याच मॅचेस हरले, काही तर हातात आलेल्या, पण लाज वाटावी असं हरणं ते एकच.

मग टेपवाला माणूस यायला लागला. लोखंडी खिळे, नायलॉनची सुतळी, पत्र्याची गाडी ढकलत चुना. त्याच्या पट्ट्या बरोबर असायच्या, पण कडा फिसकटलेल्या. आई सारवून झालं की हात धुऊन घरात जायची, पट्ट्या मारताना कधी बाहेर थांबली नाही. रविवारचे घावणे चालू राहिले, कर्णिकही येत राहिले, तिने कधी वाढताना हात आखडला नाही. मी रोज जुहूला जात होते. सर माझ्या मागे उभे राहून एकच ओरडायचे, "दीड हात लांब मार! सुलू, दीड हात!" दोन वर्षं ते तेच ओरडले. प्रत्येक वेळी मला तो कोयता आठवायचा. त्यांना वाटायचं, पोरगी किती मन लावून ऐकते.

दोरी कापली त्याला वर्ष झालं. पुन्हा गणपती, पुन्हा पाऊस, बाबा स्टुलावर चढून माटवी बांधायला लागले. नारळ, रानातली कवंडळं, आंब्याच्या डहाळ्या सगळं जमिनीवर पसरलेलं. बाबा वरून म्हणाले, "सुलू, सुंभ बघ गो." मी जागची हलले नाही. आई उठली, ट्रंक उघडली, साड्यांच्या खालून एक पुडकं काढलं. आत तो तुकडा होता. एका बाजूला कोयत्याने तिरका कापलेला.

"औंदा नवी कापू नको हां," ती म्हणाली. "ही आसा."

मी खाली बसले. मग जे रडू आलं ते काय सांगू. बाबा स्टुलावर तसेच, हातात नारळ, त्यांना कसला पत्ता नाही. "आई, मीच..."

"माका ठावक आसा. जुहूक जावच्या आदी मी माळ्यार चढलंय, माटवीचा सुंभ काढून दोरयेक लावून बघितलंय."

"मग सांगितलं का नाहीस? कर्णिक तुला तसं बोलले, तेव्हा तरी?"

आईने एक नारळ उचलला, शेंडीला सुंभ गुंडाळला. तिची बोटं तशीच चालत होती, सरळ, एका दमात. "तो सायब म्हणालो, खोटा बोलता तर माका नको. तुझा नाव घेतलंय असता तर तुका घेतल्यान असता?"

"पण तुझी रेघ गेली ना."

तिने गाठ ओढून घट्ट केली आणि नारळ वर बाबांकडे दिला.

"गेली," ती म्हणाली. "तू गेलं नाय. डोळे पूस आणि दुसरो नारळ हय दी."